एकटीने, एकट्याने : परक्या शहरातले पहिले दिवस

रानजाई
काल भाचीचा व्हिएतनामचा ई-व्हिसा आला. पाठीवर सॅक टाकून एकटीच निघालीये. घरात सगळे काळजीत आणि मला रात्रभर हनोई आठवत राहिलं. मुलाची बारावी झाल्यावर मीही अशीच एकटी गेले होते.

नोई बाय विमानतळावरून ८६ नंबरच्या बसने थेट जुन्या भागात उतरले. छत्तीस गल्ल्यांचा भाग म्हणतात त्याला. बऱ्याच गल्ल्यांना तिथल्या मालाची नावं. हांग बाक चांदीची, हांग मा कागदी वस्तूंची. लान ओंगमध्ये शिरलं की वाळलेल्या साली, मुळ्या, दालचिनी यांचा वास. मी पुण्यात तांबट आळीजवळ वाढलेली, मला तिथे परकं वाटेचना.

पण रस्ता! होआन कीएम तळ्याच्या कोपऱ्यावर किती तरी वेळ नुसती उभी होते. दुचाक्यांचा लोंढा खंडतच नव्हता. खांद्यावर भाजीची कावड घेतलेली एक आजी आली, माझं मनगट धरलं आणि सरळ गर्दीत पाऊल टाकलं. घाई नाही, थांबणं नाही. दुचाक्या दोन्ही बाजूंनी निघून जात होत्या. पलीकडे पोचल्यावर तिने मनगट सोडलं, कावड सावरली आणि वळूनही न बघता गेली. एका शब्दाची ओळख नाही आमची.

भाचीला तेच सांगितलंय. चाल एकसारखी ठेव. दुचाकीवाला तुझ्या चालीचा अंदाज घेऊन वळतो, तू मध्येच थांबलीस किंवा पळालीस की त्याचा अंदाज चुकतो. बस आणि मोटारी मात्र आधी जाऊ द्यायच्या. आणि माझं ठाम मत, हालाँगच्या समुद्रखाडीतली बोटीची सहल पहिल्याच दिवशी करू नये. आधी गल्ल्या पायाखालून घालाव्यात.

तुमचेही पहिले दिवस लिहा. हनोईच पाहिजे असं नाही.

चहाबाज
बँकॉक. सेन सेप कालव्यातली बोट!! पर्यटक फारसे नसतात, सगळे ऑफिसला जाणारे. बोट धक्क्याला लागते न लागते तोच उडी मारून चढायचं. तिकीटवाले हेल्मेट घालून बोटीच्या अगदी काठाकाठाने चालत पैसे घेतात. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा, नाहीतर कालव्याचं पाणी सगळ्यांच्या अंगावर. शेजारच्या काकांनी दोरी माझ्या हातात दिली. उतरेपर्यंत ते काम माझं. एवढा मान कुठल्याच शहराने पहिल्या दिवशी दिला नाही.

पेठकरीण
सगळं खरं, पण शाकाहारी माणसाने खायचं काय? आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही.

रानजाई
@पेठकरीण पाटीवर 'चाय' दिसलं की निर्धास्त जा, व्हिएतनाममध्ये 'आन चाय' म्हणजे शाकाहार. चहा नव्हे, नाहीतर चहाबाज धावत सुटतील :) पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, तेव्हा अशी दुकानं भरलेली असतात. एरवी साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो, तो नको म्हणून आधीच सांगायचं.

चहाबाज
थंड चहा चालतो मला. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून.

घाटवाट
अंड्याची कॉफी कोणीच कशी नाही लिहिली? १९४६ ला दुधाचा तुटवडा होता म्हणून हनोईतल्या मोठ्या हॉटेलातल्या एका कामगाराने पिवळा बलक फेटून घातला, तेव्हापासूनची. त्याच्या नावाचं काफे ज्यांग अजून चालू आहे, बोळातून आत जावं लागतं. गरम पाण्याच्या वाटीत कप ठेवून देतात, निवू नये म्हणून. पेठकरीण, तुमच्यासाठी नाही हे.

उंबरठा
हो ची मिन्ह सिटी, रात्रीचा एक. हॉस्टेलवाला म्हणाला तुमचं बुकिंगच नाही. पावती दाखवली तरी नाही. खूप रडू आलं होतं. समोर फो, म्हणजे तिथलं शेवयांचं सूप, विकणाऱ्या बाईने स्टूल पुढे केलं, वाफाळता वाडगा दिला आणि कोणाला तरी फोन लावला. पुतण्या होता तिचा. त्याने दोन गल्ल्या पलीकडे खोली मिळवून दिली. सकाळी पैसे द्यायला गेले तर वाडग्याचे घेतले, बाकी कशाचे नाही. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पेठकरीण
@उंबरठा अगं बाई. वाचूनच पोटात गोळा आला. भल्या माणसाच्या हाती पडलीस.

माणदेश
हनोईचा लाँग बिएन पूल पहाटे चालत जा. १९०२ चा, फ्रेंचांच्या काळातला. अमेरिकन बॉम्बहल्ल्यांत बरेच गाळे पडले, ते नंतर साध्या लोखंडी सांगाड्यांनी भरून काढले. त्यामुळे पुलाचं लांबून दिसणारं रूप मध्येच तुटतं. मधून रेल्वे, कडेने दुचाक्या आणि सायकली. देशभर वाहतूक उजवीकडून, या पुलावर मात्र डावीकडून. खाली नदीच्या गाळात केळीच्या बागा. मी शेतकऱ्याचा पोरगा, मला तेच बघत बसावंसं वाटलं. केळीचं अंतर आमच्यापेक्षा जवळ वाटलं.

सांजवात
@माणदेश यंदा केळीला भाव काय तुमच्याकडे? आमच्या रावेरकडे रडच आहे.

माणदेश
विचारू नका. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

सांजवात
आणि हनोईतलंच साहित्य मंदिर, कन्फ्यूशियसचं. १०७० सालचं. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख, जुन्या राजदरबारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेली. मुलं नशिबासाठी कासवांची डोकी चोळायची, आता कठडा आहे. मी शिक्षिका, त्यामुळे तिथून हलेचना. नापास होणाऱ्यांचं काय व्हायचं हाच विचार डोक्यात.

घाटवाट
भाचीला मेतकूट द्या सोबत. गरम भात तिथे कुठेही मिळतो.

पेठकरीण
मेतकूट घरचं की विकतचं? विकतच्यात हिंग फार असतो हल्ली.

रानजाई
घरचंच, आई अजून करते. काल डबा भरून ठेवलाय.
एक राहिलं, पैसे. २०,००० आणि ५,००,००० डाँग, दोन्ही नोटा निळ्या, दोन्हींवर त्यांचे नेते हो ची मिन्ह यांचं चित्र. रात्री टॅक्सीत झटक्यात ओळखू येत नाहीत. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या.

उंबरठा
आले परत. माझी पुतणी पुढच्या महिन्यात हनोईतच आहे शिकायला. रानजाई, भाचीची तारीख कळव ना, दोघींची गाठ घालून देऊ. पहिली संध्याकाळ तरी सोबत जेवतील.