प्रतिसाद: एकटा शुगर ग्लायडर रमतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की भाऊ त्याला लळा लावतोय, मग ग्लायडर एकटाच ठेवला तर चालेल का. माझं मत, नको. हा ऑस्ट्रेलियाकडचा, खारीसारखा छोटा, कळपात राहणारा प्राणी. इथं बेळगावात, टिळकवाडीत आमच्याकडे आधी एकच होता. माझ्या कुर्त्याच्या खिशात दिवसभर झोपायचा, पण रात्री दोनला पिंजऱ्यातून कुत्र्याच्या पिल्लासारखा एकसारखा भुंकायचा. आम्ही झोपलेले, त्यानं बोलायचं कुणाशी? जोडीदारीण आणली आणि महिनाभरात ते भुंकणं जवळजवळ थांबलं. खिशात यायचं मात्र थांबलं नाही हं! अजूनही डोक्यावरचा तो टकलाचा ठिपका माझ्या हनुवटीला घासतो. नराची गंधग्रंथी असते तिथं, म्हणजे मी त्याच्या घरातली झाले.

झोपायची पिशवी आईच्या जुन्या शहापुरी साडीची शिवू नका. मी शिवली होती, आतल्या धाग्यात नख अडकून बोट सुजलं त्याचं. फ्लीसचं मऊ कापड घ्या, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा.

कुंदा, पेढा असली मिठाई अजिबात नको. नुसत्या फळांवरही ठेवू नका. कॅल्शियम कमी पडलं की मागचे पाय लुळे पडतात.

आणि आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटे सांभाळा. एकदा तो गार, निपचित सापडला, माझा जीवच गेला. छातीशी धरून हळूहळू ऊब दिली तेव्हा हलला. गारठ्यानं त्यांना अशी गुंगी येते. पण पुन्हा झालं तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांनी ग्लायडर हाताळलाय का, ते आजच विचारून ठेवा.