वेळापत्रक वाफेच्या आधीचं आहे

नेदरलँड्समध्ये ठरलेल्या वेळेला सुटणारी प्रवासी बोट १८२३ मध्ये रॉटरडॅमच्या ‘नेदरलांट्से स्टोमबोट माटस्खापै’ या आगबोटींच्या कंपनीने आणली, असं म्हटलं जातं. वाफेपुरतं ते बरोबर आहे, वेळापत्रकापुरतं नाही. अ‍ॅमस्टरडॅम–हार्लेम कालवा १६३२ मध्ये सुरू झाला, आणि त्यावर घोड्याने ओढलेली ‘ट्रेकस्खाउट’ बोट घंटेवर सुटायची, भरलेली असो वा रिकामी. वेग ताशी सुमारे ७ किलोमीटर, म्हणजे हार्लेमला दोन-अडीच तासांत.

खरी करामत दोरात होती. घोडा काठावरून चालणार, म्हणजे ओढ तिरकी, आणि बोटीचं नाक सतत काठाकडे वळणार. ते सुकाणूवाल्याने सतत सावरायचं. वळणावर दोर आडवा कापत काठ खरवडू नये म्हणून उभे फिरते खांब रोवलेले असत. पुलाखाली डोलकाठी आडवी करायची. समोरून दुसरी बोट आली की एकीने दोर सैल सोडून पाण्यात बुडू द्यायचा, दुसरी त्यावरून पुढे जायची.

या मार्गाची दुखरी जागा म्हणजे वाटेतलं हाल्फवेख गाव. तिथे बांधामुळे कालवा तुटलेला. प्रवाशांनी उतरून, सामानासह चालत पलीकडच्या बोटीत बसायचं. हिवाळ्यात बर्फ धरला की सेवाच बंद.

जड माल मात्र यातून जात नसे. तो ‘बेउर्टफार्ट’च्या, म्हणजे ठरलेल्या पाळीने सुटणाऱ्या शिडाच्या बोटींवर. तो वेगळा आणि फार मोठा विषय आहे.

या मार्गाला खरा धक्का आगबोटीने नव्हे, १८३९ च्या अ‍ॅमस्टरडॅम–हार्लेम रेल्वेने दिला.