अनुभव धागा: मांजराने काहीतरी गिळलंय!

घरातली कुठली वस्तू पोटात गेली तर काय होतं, हाताशी किती वेळ असतो आणि काय अजिबात करू नये, ते नेमकं लिहा.

*

दोऱ्यापासून सुरू करतो. विषारी नसला तरी जीव घेतो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, दुसरं आतड्यात सरकत राहतं. मग नाडी ओढल्यावर नेफा गोळा व्हावा तसं आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि ताणलेला दोरा ते आतून कापतो. म्हणून तोंडातून किंवा मागून लोंबणारा दोरा ओढायचा नाही! एक्स-रेत सुई दिसते, दोरा नाही. डॉक्टरांना जिभेखाली बघायला सांगा.

*

बटण सेल. न फुटतासुद्धा जाळतो. ओल्या अन्ननलिकेत अडकला की वीजप्रवाह सुरू होतो, ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत खोल जखम होऊ शकते. उलटी करवलीत तर तोच सेल परत त्याच नळीतून वर येणार.

*

उलटीचं निघालंच आहे तर: मिठाचं पाणी नको, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. मांजराच्या जठरातून त्याने रक्तस्राव होतो.

*

पॅरासिटामॉल बहुतेक वेळा माणसंच प्रेमाने भरवतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरते, कारण ते निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी. हिरड्या तपकिरी, चेहरा आणि पंजे सुजलेले, धाप. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण लक्षणांची वाट बघू नका.

*

लिलीचे पराग अंगावर सांडले आणि मांजराने अंग चाटलं, एवढंही पुरतं. फुलदाणीतलं पाणीसुद्धा. १ ते ३ दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. सलाइन पहिल्या १८ तासांत सुरू व्हायला हवं. (पीस लिली वेगळी. तिने तोंडाची आग होते, मूत्रपिंडं वाचतात.)

*

डांबराची गोळी नॅफ्थलिनची असेल तर तांबड्या पेशी फुटतात. पॅराडायक्लोरोबेंझिनची असेल तर त्यामानाने सौम्य. पाकीट फेकून दिलं असेल तर डब्यातली दुसरी गोळी अर्धा कप कोमट पाण्यात ३ मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात टाका. नॅफ्थलिन तरंगतं, पॅराडायक्लोरोबेंझिन बुडतं. हे एकाने घरी बघावं, दुसऱ्याने तोवर मांजर घेऊन निघावं.