लहान चाकांची, न दुमडणारी स्टीलची सायकल : वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा

दोन महिने मी २० इंची चाकांच्या सायकली बघतेय. लहान मुलांच्या नव्हे. मोठ्या माणसांच्या मापाची फ्रेम आणि चाकं तेवढी लहान, ज्यांना मिनीव्हेलो म्हणतात, त्या. घडीची नको आणि फ्रेम स्टीलची हवी, हे ठरलंय. चालवणार आम्ही तिघी : मी, मुलगी आणि आई. उंची १५० ते १६८ सेंटीमीटर. आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे पाय उंच टाकून बसणं तिला जमत नाही.

विकणाऱ्यांकडून रंग आणि वजन यापलीकडे फारसं काही कळत नाही. म्हणून ज्यांनी अशी सायकल निदान वर्षभर वापरली आहे, त्यांनी लिहा. घेऊन विकून टाकली असेल, तर का विकली तेही नक्की लिहा.

*

माझ्याकडे आधी घडीची होती. चार वर्षांत जेमतेम दहा वेळा दुमडली असेन. बिजागरी मात्र रोज सोबत. तिसऱ्या वर्षी तिच्यात खेळ आला, चढावर हँडल ओढलं की पुढचा भाग हलायचा आणि कुरकुरायचा. एकसंध फ्रेमच्या सायकलवर पहिल्यांदा उभं राहून पॅडल मारलं, तेव्हा वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

जागेबद्दल मात्र गैरसमज नको. दोन आसांमधलं अंतर मोठ्या सायकलीसारखंच, साधारण १ मीटर असतं. लांबीत वाचतो तो फक्त चाकांच्या व्यासातला फरक. माझी टोकापासून टोकापर्यंत १४९ सेंटीमीटर भरते, बहिणीची मोठ्या चाकांची १६८. फरक १९ सेंटीमीटरचा, पण आमच्या लिफ्टचं दार त्यामुळेच लागतं. हँडलचा बोल्ट सैल करून ते आडवं फिरवलं आणि दुमडते पॅडल बसवले, की सायकल भिंतीला अगदी चिकटून उभी राहते.

*

टायरवरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

२० इंची म्हणजे एकच माप नाही. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ४०-४०६ किंवा २८-४५१ असं काही असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ४०६चं टायर ४५१च्या रिमवर चढत नाही, आणि उलटही जमत नाही, कितीही जोर लावा. ढोबळ खूण अशी : दशांशात लिहिलेलं २० × १.७५ हे ४०६, अपूर्णांकात लिहिलेलं २० × १ ३/८ हे बहुधा ४५१. तरी विश्वास मिलिमीटरच्या आकड्यावरच ठेवा.

मी ४५१ची घेतली, कारण ती दिसायला डौलदार होती. चाक किंचित मोठं, टायर बारीक, गुळगुळीत रस्त्यावर खरंच छान पळते. आठव्या महिन्यात मागचं टायर कडेला फाटलं आणि तीन आठवडे सायकल उभी राहिली, कारण त्या मापाचं टायर जवळपास कुठेच नव्हतं. ४०६ची टायर बीएमएक्सला (कसरतींच्या लहान सायकलींना), घडीच्या सायकलींना आणि मुलांच्या कितीतरी सायकलींना लागतात, त्यामुळे बारीक, जाड, खाचांची, सगळी मिळतात. मग रिमच ४०६ची बसवावी असं मनात आलं, तर ब्रेक शू २२ मिलिमीटरहून जास्त खाली आणावे लागणार होते आणि माझ्या ब्रेकचे हात तेवढे लांब नव्हते. डिस्क ब्रेक असते तर ही अडचण आली नसती. आता घरात दोन टायर आणि चार ट्यूब जादा ठेवते.

*

वरच्याला जोडून : जादा स्पोकही घेऊन ठेवा. लहान चाकाचे स्पोक आखूड असतात, ती लांबी ऐनवेळी मिळत नाही. बाकी चाकं भक्कम. सहा वर्षांत माझं एकही चाक आऊट, म्हणजे वाकडं, झालेलं नाही.

*

मी गिअरचा हिशेब न करता घेतली, त्याचं सांगतो.

४० मिलिमीटर टायरचं ४०६ चाक एका फेऱ्यात सुमारे १.५३ मीटर पुढे जातं. रोडबाइकचं, म्हणजे मोठ्या चाकांच्या वेगवान सायकलचं, २८ मिलिमीटर टायरचं चाक २.१३ मीटर. म्हणजे दात तेच ठेवले, तर लहान चाकाची सायकल प्रत्येक पॅडलला जवळपास तीस टक्के मागे राहते. माझ्या सायकलला पुढे ४४ दातांचं चेनव्हील होतं आणि मागे सर्वांत लहान चक्र १४चं. मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी १७ किलोमीटरच. सपाट रस्त्यावर पाय नुसते भिरभिरायचे. मला वाटायचं लहान चाकं हळूच असतात. दोष चाकांचा नव्हताच.

५२ दातांचं चेनव्हील आणि लांब चेन बसवली. त्याच लयीत आता ताशी २० होतात. चढासाठी मागे २८चं चक्र आहे, तिथेही ती पूर्वीच्या माझ्या मोठ्या सायकलपेक्षा हलकी चालते. घेताना चेनव्हीलचे दात मोजाच. ५२ किंवा त्याहून जास्त असतील, तर बनवणाऱ्याने विचार केलाय. कमी असतील तर मोठं चेनव्हील फ्रेमला घासणार नाही ना, हे आधी बघा.

अजून एक. गिअर बदलणारा मागचा लोंबता भाग या सायकलींत जमिनीच्या फार जवळ येतो. चिखल आणि गवत थेट त्यात. पुन्हा घेतली, तर गिअर मागच्या चाकाच्या हबच्या (मधल्या डब्याच्या) आत असलेलीच घेईन.

*

हँडल फार चपळ असतं का, असं मला अनेक जण विचारतात. काहींचं असतं, आणि त्याला कारण आहे.

हँडलची नळी ज्या रेषेत तिरपी असते, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवा. ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे टेकते. हे अंतर चाकाला सरळ धरून ठेवतं. ७२ अंशांचा कल आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाला) ४५ मिलिमीटर पुढे बाक धरला, तर रोडबाइकच्या चाकाला हे अंतर ६३ मिलिमीटरच्या आसपास येतं. तोच फोर्क २० इंची चाकाला लावला की ते ३२वर येतं, म्हणजे निम्मं. बाक २० मिलिमीटरवर आणला की पुन्हा ५८. म्हणून चांगल्या लहान चाकांच्या सायकलींचा फोर्क बघा, तो बराच सरळ असतो.

माझ्या पहिल्या सायकलचा फोर्क चांगला वाकडा होता. वळायचा हात दाखवायला एक हात सोडला की ती वळवळायची. उतारावर तर मी दोन्ही हात घट्ट आवळून बसायचे. आताच्या सायकलचा फोर्क सरळ आहे, पुढचं कॅरियर फ्रेमला जोडलेलं आहे, हँडलला नाही. ग्रंथालयातून दहा पुस्तकं आणली तरी हँडल जड होत नाही. चालवून बघताना नुसती एक चक्कर मारू नका. एक हात सोडून, वजन लावून, उतारावर, अशी चालवा.

*

माझं वय ७१. या सायकलींचं मूळ सांगायला आवडेल, कारण निवडताना त्याचा उपयोग होतो.

अ‍ॅलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्याने मिनी मोटारीसाठी रबराची स्प्रिंग तयार केली होती. १९६२ साली त्याने १६ इंची चाकांची सायकल बाजारात आणली. बाई असो वा पुरुष, कुणालाही सहज बसता यावं म्हणून फ्रेमचा दांडा खाली. चाकं लहान, टायर कडक हवेची, आणि हादरे झेलायला पुढे-मागे रबर. ती चालली तशा इतरांनीही लहान चाकांच्या सायकली काढल्या. रॅले या इंग्रज कंपनीने १९६५मध्ये काढलेल्या सायकलला रबराच्या स्प्रिंगऐवजी जाड, कमी हवेची टायर होती. हादरे कमी झाले, पण ती ओढायला जड. १९६७मध्ये मोल्टनची सायकल रॅलेकडेच गेली.

लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, हा भूमितीचा नियम आहे. हादरा कशाने तरी झेलावाच लागतो. आज रबराच्या स्प्रिंगची गरज नाही, कारण रुंद असूनही कडा पातळ आणि लवचिक असलेली टायर मिळतात, ती जडही जात नाहीत. मी ५० मिलिमीटरची वापरतो. फोर्कमध्ये तेवढी जागा आहे का, हे बोट घालून बघूनच सायकल घेतली.

*

मी दुरुस्तीचं काम करतो. वापरलेली घेणार असाल, तर एवढं बघा.

लोहचुंबक न्या. अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढून नळीत टॉर्च मारा, स्टील आतून गंजतं आणि बाहेर रंग शाबूत दिसतो. तळाशी पाणी निघायला भोक आहे का? मग पुढच्या नळीच्या मागे, जिथे फ्रेमच्या नळ्या जुळतात, तिथे खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल समोरून कुठेतरी धडकली आहे. ती सोडून द्या.

स्टीलचं सुख असं की कॅरियरचा कान तुटला तर जोडता येतो, मागचं चाक धरणारे फ्रेमचे दोन पाय जरासे वाकले तर सरळ करता येतात. क्रोमॉलीच्या (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत स्टीलच्या) नळ्या पातळ आणि हलक्या असतात, तिथे वेल्डिंग करणारा जाणता हवा. साध्या स्टीलची जड असते, पण रोजच्या वापराला मला तिच्यात काही उणं दिसत नाही.

*

सीटच्या दांड्याला ग्रीस लावा. कृपया. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, स्टीलची फ्रेम, तीन वर्षं एकाच उंचीवर. तो दांडा शेवटी कापून काढावा लागला. तुम्ही तिघी वर-खाली करत राहाल म्हणून अडकणार नाही, तरी वर्षातून दोनदा काढून पुसून ग्रीस लावा. आणि दांड्यावरची कमाल उंचीची रेघ कधीही नळीबाहेर येऊ देऊ नका. या सायकलींचा दांडा खूप बाहेर असतो, वाकला तर तिथेच.

*

विकली. माझ्या वाटेवर चार किलोमीटर उखडलेला रस्ता आहे, आणि मी १८८ सेंटीमीटर. सीट वर नेली तशी ती मागेही गेली, हँडल खाली आणि दूर राहिलं, पाठ दुखायची. टायर आणि रिमही लवकर झिजल्या : १० किलोमीटरला मोठं चाक ४७०० फेरे घेतं, हे ६५००. ज्याने घेतली तो १६० सेंटीमीटरचा आहे आणि रोज चालवतो.

*

धागा काढणारी मी. सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं कागदावर लिहून काल गेले होते.

तीन पाहिल्या. जी मला आवडली होती तिचं चेनव्हील ४२चं आणि टायर ४५१ची निघाली. दुसरीचा फोर्क वाकडा, एक हात सोडल्यावर मुलगी घाबरली. तिसरी ४०६ची, चेनव्हील ५२, पाच गिअर हबच्या आत, फोर्कमध्ये ५० मिलिमीटरच्या टायरला जागा. रंग मळकट हिरवा. आईने सीट पूर्ण खाली करून, कुणाचा हात न धरता, पाय आतून टाकला आणि बसली. आवाराला दोन चकरा मारून आली आणि म्हणाली, सीट अजून एक बोट वर कर.

शनिवारी आणतोय. ग्रीसचा डबा आजच घेतला.