वाइनच्या बाटल्या, एफडी आणि घोडबंदरचा मे महिना

घोडबंदरचा_रहिवासी

परवा 'उपवनकर' यांनी लिहिलं की एफडी मोडा आणि उंची वाइनच्या बाटल्या जमवा, मनाला आनंद आणि खिशाला परतावा दोन्ही मिळतं. खाली लोक 'सुरुवात कशी करू?' असं विचारायला लागलेत, म्हणून हा खटाटोप.

आनंदाचं नंतर बघू, आधी परतावा. बाटली विकणार कोणाला आणि कशी? १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून ठणठणीत आहे. परवान्याशिवाय शेजाऱ्याला बिअरचा कॅन विकता येत नाही, तिथे बोर्डोची उंची फ्रेंच वाइन कुठली विकताय? सोनं घेऊन जांभळी नाक्याला जा, अर्ध्या तासात मोडून या. बाटली घेऊन कुठल्या नाक्यावर उभे राहणार? पहिलं गिऱ्हाईक खाकीतलंच येईल.

शिवाय बाहेरच्या वाइनवर आपण वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क भरत आलोय, वर राज्याचे कर वेगळे. लंडनला शंभराला मिळणारी बाटली इथे अडीचशेच्या पुढेच. ती तिकडच्या भावाने दामदुप्पट झाली तरी तुम्ही तोट्यात.

आता स्वानुभव. परदेशवारीतून येताना ड्युटी फ्रीच्या दोन लिटरच्या मर्यादेत माणशी दोन बाटल्या, असं करत मी आणि बायकोने चार-पाच वर्षांत अकरा जमवल्या. त्यांच्यासाठी छोटा कूलर घेतला. २०१९च्या मे महिन्यात बारा दिवस गावी गेलो. परतलो तर कूलर बंद, आतला दिवा तेवढा चालू. बाटल्या हाताला कोमट. चार बुचं नखभर वर आलेली आणि खालच्या फळीवर काकवीसारखा चिकट ओघळ. एक उघडली, तर उकडलेल्या मनुकांचा वास. बाकीच्या हळूहळू मटणाच्या रश्श्यात गेल्या. परतावा म्हणाल तर रस्सा बरा व्हायचा.

उपवनकर

साहेब, तुमचा कूलर बिघडला यात माझा काय दोष? नीट जमवणारा माणूस घरात बाटल्या ठेवतच नाही. लंडनजवळच्या बाँडेड गोदामात ठेवतो. १२-१३ अंश तापमान, बूच सुकू नये इतका ओलावा आणि माल तिथे आहे तोवर शुल्क नाही. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते. विकायचीही तिथेच, तुमचा जांभळी नाका लागतोच कशाला?

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या रोमाने-काँती या वाइनची १९४५ची बाटली २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. त्या वर्षी ६००च बाटल्या निघाल्या होत्या. दाखवा अशी एफडी.

घोडबंदरचा_रहिवासी

बाटली लंडनला आणि पावती उपवनला. मग मनाचा आनंद कुठे, पीडीएफमध्ये?

आणि ती १९४५ची बाटली तिकडचे वाइनवाले रोबेर द्रुआँ यांच्या स्वतःच्या तळघरातली होती, बर्गंडीतच राहिलेली. लोकांनी निम्मे पैसे त्या तळघराचे मोजले. पडतीचंही सांगा की. २००८मध्ये हाँगकाँगने वाइनवरचा कर काढला, 'लाफीत' या बोर्डोच्या वाइनला चिनी गिऱ्हाईक मिळालं, भाव आकाशाला भिडले आणि २०११नंतर तेच आपटले. लिव्ह-एक्स या लंडनच्या वाइन-बाजाराचा भावनिर्देशांक २०२२च्या शेवटापासून पुढची दोन वर्षं घसरत होता, तेव्हा कुठे होता आपण?

नौपाडा_वाचनालय

यात बनवाबनवी आलीच नाही अजून. रुडी कुर्नियावान नावाचा गृहस्थ कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरात 'जुनी' वाइन तयार करायचा आणि अब्जाधीशांना विकायचा. पकडला कसा गेला? २००८च्या लिलावात त्याने बर्गंडीतल्या पोंसो घराण्याची १९४५ची 'क्लो सां-दनी' वाइन ठेवली, आणि त्या घराण्याने ती वाइन १९८२पासूनच करायला घेतली होती! मालक लॉरां पोंसो स्वतः न्यूयॉर्कला येऊन थडकले. २०१४मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या मुरलेल्यांना कळलं नाही, आपण लेबल बघून काय ओळखणार?

नेरूळची_सून

मुरलेल्यांवरून आठवलं. आमच्याकडे आजेसासूबाईंच्या हातचं लिंबाचं लोणचं आहे, १९९१चं. काळंभोर, खजुरासारखं. तोंडाला चव नसली की नखाएवढं चाटायचं. जमवायचंच तर हे जमवा. शुल्क नाही, कूलर नाही.

कोपरखैरणे_से१५

ताई, १९९१चं लोणचं फ्लॅटमध्ये टिकलं? आमचं तिसऱ्या पावसाळ्यात बुरशी धरतं. मीठ किती घालता?

नेरूळची_सून

किलोला पाव किलो. चिनीमातीची बरणी, तोंडाला दादरा आणि ओला चमचा लावणाऱ्याला घराबाहेर.

डोंबिवलीहून_ठाण्यात

पाव किलो?? ते लोणचं आहे की मिठागर? आमची आई दीडशे ग्रॅमच्या वर जात नाही, साखर निम्म्याने.

नेरूळची_सून

म्हणूनच तुमचं दरवर्षी नवं घालावं लागतं. सासऱ्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घरावरून, दागिन्यांवरून कोणी शब्द काढला नाही. बरणीवरून दोन भाऊ सहा महिने बोलत नव्हते. शेवटी वजनकाटा आणून लोणचं निम्मं-निम्मं केलं. याला म्हणतात भावनिक गुंतवणूक.

डोंबिवलीहून_ठाण्यात

साखरेचं लोणचं तुमच्याकडे परकं दिसतंय. सगळ्यांनी खारट खायचं असा नियम आहे का? आमच्याही घरात माणसं राहतात.

नौपाडा_वाचनालय

दोघींनाही मध्येच तोडतो. लिंबू टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. वाइन टिकते ती आंबटपणा, अल्कोहोल आणि लाल द्राक्षांच्या सालीतल्या तुरटपणामुळे. फरक एवढाच की लोणची सगळी मुरतात, वाइन नाही. जगातल्या बहुतेक बाटल्या वर्षा-दोन वर्षांत संपवायच्या असतात. 'जितकी जुनी तितकी भारी' म्हणत सोमवारी आणलेली बाटली शोकेसमध्ये दहा वर्षं उभी ठेवणारे महाभाग आमच्याच जिन्यात आहेत.

निफाडचा_ऐरोलीकर

तुम्ही सगळे पिणाऱ्यांचंच बोलताय. माझ्या चुलत्यांनी दोन एकर वाइनची द्राक्षं लावली होती. २००९-१०च्या मंदीत एका वायनरीने (नाव घेत नाही) माल उचलला आणि पैसे दिले नाहीत. ती द्राक्षं बारीक, बीवाली, मंडईत कोणी हुंगत नाही. चुलत्यांनी बाग कुऱ्हाडीने तोडली आणि टोमॅटो लावले. बुंध्यांची लाकडं आम्ही दोन हिवाळे जाळली. कोणाच्या बाटलीला किती परतावा मिळाला, ते इथे सांगू नका.

खारघरची_आघाडी

आमच्याकडे दारूमुक्त खारघरसाठी लोक रस्त्यावर उतरतात आणि तुम्ही तिला गुंतवणूक म्हणताय. धन्य आहे.

उपवनकर

निफाडकर, तुमच्या चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. खरंच.

बाकीच्यांसाठी सांगतो. लंडनला माझ्या सहा पेट्या आहेत आणि दोन वर्षांत त्या खाली आल्यात, हेही खरं. लिहिलं नव्हतं. पण मी यात पडलो ते एका बाटलीमुळे. मुलगी २००५ची. बोर्डोसाठी ते वर्ष नावाजलेलं. २००९मध्ये पॅरिसहून येताना एक बाटली घेतली, ती एकवीसची झाली की उघडायची म्हणून. आपल्याकडे वाइन पिण्याचं कायदेशीर वयही एकवीसच, योग बघा. कपाटात बायकोच्या पैठण्यांमागे, टॉवेलात गुंडाळून आडवी ठेवलीय. आता विशी ओलांडलीय तिने. तिच्या बारावीच्या निकालाच्या रात्री मी ती नुसती काढून बघितली आणि परत ठेवली.

घोडबंदरचा_रहिवासी

म्हणजे घरातच ठेवलीत! 'नीट जमवणारा माणूस घरात ठेवतच नाही' हे कोणी लिहिलं होतं?

उपवनकर

लिहिलं मी. ती एकच.

घोडबंदरचा_रहिवासी

आणि किती आले तर विकाल?

उपवनकर

विकणार नाही.

घोडबंदरचा_रहिवासी

झालं तर मग. परताव्याचा निकाल तुम्हीच लावलात. आनंदाचा मुद्दा तुमचा, जा, दिला. पण पैठण्यांमागे सोळा उन्हाळे म्हणजे आत रस्साच असणार, लिहून देतो.

उपवनकर

तिच्या वाढदिवसाला या आणि स्वतः बघा. रस्सा निघाला तर मटण मी आणीन.

नेरूळची_सून

आणि मुलगी पिणारच नाही म्हणाली तर?

उपवनकर

म्हणालीच आहे. तिला उसाचा रस आवडतो.

कोपरखैरणे_से१५

सगळं वाचलं. पन्नास लिंबं वाशी मार्केटातून आणून ठेवलीत, बरणी धुऊन तीन दिवस उन्हात तापवलीय. मिठाचं शेवटी काय ठरलं?