मदत हवी आहे : ध्यानात विचारांचं करायचं काय?

मंडळी, नियमित ध्यानाला बसणाऱ्यांना विचारायचं आहे. मध्येच विचार आले की तुम्ही नेमकं काय करता?

पतंजलींच्या दुसऱ्याच सूत्रात योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध. आमच्या योगवर्गातल्या ताई त्याचा सरळ अर्थ सांगतात, विचार थांबले पाहिजेत. इगतपुरीला धम्मगिरीवर 10 दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलेला मावसभाऊ म्हणतो, थांबवायचं काहीच नाही. आधी नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, मन भरकटलं की चिडचिड न करता परत श्वासावर यायचं. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना, त्याही नुसत्या बघायच्या. रमण महर्षींची तिसरीच तऱ्हा : हा विचार आला कोणाला, ते शोधायचं. आणि आई म्हणते, जपमाळ घे नि गप्प बस. (खरं सांगू? तिचंच जमण्यासारखं वाटतं.)

माझं होतं असं, की डोळे मिटले रे मिटले की गॅस बंद केला का, सोसायटीचा मेंटेनन्स भरायचाय, हे सुरू. ते बघत बसावं, तर बघता बघता मी चेअरमनशी मनातल्या मनात भांडायलाही लागलेली असते. दाबायला गेलं तर कपाळ आवळून येतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय, मन जिथे पळेल तिथून परत आणा. पण ते पळालंय हेच मुळी उशिरा कळतं!

विचार बघणं आणि विचारात वाहून जाणं, यातला फरक तुम्हाला बसल्या जागी कसा कळतो? दोन पद्धती एकत्र केलेल्या चालतात, की एकच धरून ठेवावी? पुस्तकांची नावं नकोत, स्वतः बसणाऱ्यांचा अनुभव हवा आहे.