हातातनं आपोआप येतं ते नेमकं कुठनं येतं? आपापले अनुभव सांगा

वाकळवाली, वडगाव

नमस्कार मंडळी. मी वाकळ शिवते. आधी घरातल्यांना पांघरायला शिवायची, आता भिंतीवर टांगायच्या छोट्या वाकळा पण करते, जुन्या साड्यांच्या. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, तुमचे टाके सारखे का नाहीत, दोन आखूड मग एक लांब असं का घालता? मला माहीतच नव्हतं हो! घरी येऊन सगळ्या वाकळा काढून बघितल्या तर खरंच, दोन आखूड एक लांब, दोन आखूड एक लांब, सगळीकडे. मग डोक्यात आलं की हा बाबांच्या मागाचा आवाज असणार. आमच्या घरात खड्ड्याचा हातमाग होता, बेळगावच्या शहापूर-वडगावात तेव्हा गल्लोगल्ली होते, नंतर पॉवरलूम आले आणि आमचा माग मोडीत गेला. खड्डा सिमेंटनं बुजवला. तिथली फरशी अजून थोडी खचलेली आहे आणि मी बरोब्बर तिथंच बसून शिवते. तर असं तुमच्या कामात काय न विचारता शिरलंय ते लिहा. मोठं लिहा, छोटं लिहा, काय बी चालतंय.

चाकावरचा, खानापूर

आमच्याकडं कौलं व्हायची. खानापूरची माती त्यासाठी नावाजलेली, मडकी-कौलं शिकवायची सरकारी संस्थाच आहे की इथं. मी पाच-सहा वर्षांचा असताना वाळत घातलेल्या ओल्या कौलांवरनं आमचं कुत्रं पळालं, दहा-बारा कौलांवर पंजे उठले. आजोबा चिडले पण टाकून कशाला द्यायची म्हणून भाजून काढली आणि गिऱ्हाईक घेईना म्हणून आमच्याच गोठ्यावर चढवली. कुत्रं त्याच पावसाळ्यात गेलं. पुढं घरावर स्लॅब पडला, गोठा मोडला, सगळी कौलं गेली तरी त्यातलं एक मी ठेवलंय. आता मी मातीच्या पाट्या करतो त्यावर शेळीचे खूर, फणसाचं पान, पोरांचे पाय जे सापडेल ते दाबतो. लोक विचारतात आयडिया कुठनं आली, मी म्हणतो इंटरनेटवरनं. कुत्र्याचं सांगितलं तर हसतील.

पायताण, निपाणी

रागावू नका पण हे सगळं ऐकायला बरं वाटतंय, पोटाचं काय? आम्ही कोल्हापुरी करतो. नाव कोल्हापुरी पण अथणी-निपाणीकडं किती जण करतात ते बघा, 2019 ला जीआय, म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना, त्यात बेळगाव पण आहे. 2025 ला मिलानच्या रॅम्पवर आमच्यासारखी चप्पल दिसली तेव्हा सगळ्यांना आठवण झाली, चार दिवस फोन आले, मग गप्प.

बरं, आता विचारलंच आहे तर सांगतो. घरात कायम हिरडा-बाभळीच्या सालीचा वास, कातडं त्यातच कमवायचे ना. शाळेत पोरं माझ्या शेजारी बसताना नाक दाबायची. गुरुजी बघायचे आणि फळ्याकडं वळायचे. म्हणून धंद्यात आल्यावर मी पहिली कितीतरी वर्षं नुसत्या रंगीत चपला केल्या, लाल, निळ्या, वर वासाचं पॉलिश, कातडं कातडं वाटलंच नाही पाहिजे. हे मी का करत होतो ते मला आत्ता लिहिताना जरा कळतंय. चपलांच्या वेण्या आई घालायची, तिनं एकदा पण रंगीत पट्टा हातात धरला नाही, म्हणायची हे माझं काम न्हवं. ती गेल्यापासनं बिनरंगाच्याच करतो. वास येतो. येऊ दे.

खोटं सीताफळ, गोकाक

माझी मराठी सांभाळून घ्या, घरात कन्नड, माहेर मराठी. आमच्याकडं लाकडाची फळं रंगवतात, केळी, आंबा, सीताफळ, अगदी खऱ्यासारखी. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी ताटातला पेरू उचलून चावला मी, अख्ख्या सासरच्या समोर! दात हलला. सासूबाई इतक्या हसल्या की तिथनं पुढं आमची दोस्तीच झाली. आता मी रंगवते तेव्हा प्रत्येक फळावर एक तरी डाग काढते, मुंगीनं खाल्लेलं भोक, नाहीतर दबलेली काळी जागा. व्यापारी म्हणतो अक्का डॅमेज माल आहे, परत घे. मी म्हणते नीट बघ, तो पण रंगच आहे. एकदा त्यानं नखानं खरवडून बघितलं.

गाठ नको, बेळगाव

मी मूळची धारवाडची, कसुती करते. कसुतीत गाठ मारत नाहीत आणि छापा काढून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजत जायचं, गवंतीचा टाका तर मागनं पुढनं सारखाच दिसला पाहिजे. आईनं शिकवलं ते कन्नडमधनं. आता चाळीस वर्षं मराठी घरात आहे, भांडते मराठीत, दुधाचा हिशेब मराठीत, नातवाला पाढे मराठीत, पण सुई हातात घेतली की ओंदु, एरडु, मूरु. एकदा मुद्दाम एक दोन तीन मोजत गोपुर काढायला घेतलं तर कळस वाकडा आला. उसवलं सगळं.

रथवाला, बेळगाव

आपलं फील्ड वेगळं, शिवजयंतीचे चित्ररथ. आपल्याकडं मिरवणूक वैशाखात, रात्रभर चालते हे इथल्यांना सांगायला नको. लहानपणी दिवाळीत किल्ले केले तीच शाळा. 2020 ला लॉकडाऊनमध्ये मिरवणूकच नाही, हात शिवशिवायला लागले, तर पोरीच्या बुटाच्या खोक्यात अख्खा रथ केला, मावळे काडेपेटीतल्या काड्यांचे. आता मोठ्या कामापेक्षा खोक्यांच्याच ऑर्डरी जास्त येतात. बायको म्हणते पसारा तेवढाच, पैसे कमी.

वाकळवाली, वडगाव

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. पायताण दादा, तुम्ही रागावून का होईना लिहिलं ते बरं केलं. गाठ नको ताईंचं वाचून मी काल शिवताना लक्ष ठेवलं तर मी मोजतच नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, इचलकरंजीला असतो, त्याला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, अगं मागाचा आवाज असा कसा असेल, धोटा इकडनं तिकडं, फणी ठोकली, परत तेच, एका लयीत, त्यात लांब-आखूड काय नसतं. मग जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, दोन बारीक आणि एक लांब तो बाबांचा खोकला. शेवटची दोन-तीन वर्षं रात्रभर चालायचा, तू त्यांच्याच शेजारी झोपायचीस.

अर्धी वाकळ पुढ्यात पडलीय. परवापासनं सुई धरली की टाका लांब घालू का आखूड तेच कळंना.